मपली माती

माझे सासरे पाहुण्याला निरोप देताना सुपारी विचारत नाहीत, चपला झाडायला लावतात. अंगणाच्या कडेला एक चपटा दगड आहे. तिथं पाहुण्याला उभं करायचं, पायातलं काढायला लावायचं, दगडावर आपटायचं आणि तळाला काही चिकटून राहिलंच तर खुरप्यानं खरवडून घ्यायचं. "राग मानू नका," ते म्हणतात. "माती तेवढी ठेवून जावा. मपली हाय."

मपली म्हणजे माझी. आमच्या मराठवाड्यात मपलं-तुपलं, नाहीतर महं-तुहं असंच बोलतात. पण माझ्या सासऱ्यांइतक्या, म्हणजे व्यंकटमामांइतक्या मायेनं तो शब्द उच्चारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

हा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तो मुलगी बघायला गेलो तेव्हा. आम्ही अर्धापूरचे, केळीवाले. आमच्याकडं विहीर खणताना माणूस बुडेल एवढं खोल गेलं तरी काळी मातीच निघते, त्यामुळं माती ही जपायची वस्तू आहे हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी नेमका आदल्या रात्रीचा पाऊस होऊन गेलेला. माझ्या वडिलांनी कार्यक्रमासाठी नवे जोडे घेतले होते आणि ते घालून मामांच्या शेतातून ऐटीत फिरून आले होते. निघताना मामांनी त्यांचा एक जोडा हातात घेतला आणि खरवडायला बसले. वडील एका पायावर उभे, माझा खांदा धरून.

"अहो, मी तुम्हाला ट्रॅक्टरभर माती पाठवून देतो," वडील म्हणाले.

"तुमची तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. ही जोड्याला लागलेली मपली हाय."

जीपमध्ये वडिलांनी आधी जोड्याचा तळ उलटून पाहिला. मग म्हणाले, "ही सोयरीक करायची न्हाई. जो माणूस जोड्याची माती सोडंना, तो पोरगी कशी सोडंल?"

मी मात्र त्याच वेळी ठरवून टाकलं होतं. कारण वडील एका पायावर डुलत असताना दाराआड चहाच्या कपांचा ट्रे खळखळ वाजत होता. आतल्या मुलीला, सुनंदाला, हसू आवरत नव्हतं. ज्या घरात असा बाप आणि अशी हसणारी पोरगी एकत्र नांदतात, ते घर चांगलंच असणार असं मला वाटलं. वडिलांची समजूत काढायला पुढं सगळा पावसाळा गेला.

मामांचं शेत लोह्याकडच्या माळावर आहे. वर चढून गेलं की चहूकडं गवत, वारा आणि मधूनमधून डोकं वर काढलेला खडक. माती म्हणाल तर टाच जरा जोरात मारली की मुरूम लागतो आणि मुरमाखाली सलग पाथर. पाऊस चांगला झाला तर हुलगा येतो, थोडी तूर येते. नाहीतर जनावरांपुरतं गवत. या एवढ्याशा मातीवर मामा नांगर असा हाकतात, जणू झोपलेल्या लेकराची नखं काढतायत. बैल शेतातून बाहेर आले की त्यांचे खूर पुसतात. अंगण झाडल्यावर कचरा निवडून माती परत शेतात. पहिल्या दिवाळीला गेलो तर माझ्या मोटारसायकलची चाकं त्यांनी स्वतः धुतली. जावयाचा मान म्हणून मी अवघडून उभा होतो. नंतर लक्षात आलं, गाडी त्यांनी शेताच्या मधोमध नेऊन धुतली होती.

माणसांची पारखही ते याच मापानं करतात. कुणी मनात भरला तर, "माती बरी हाय." नाही भरला तर, "लगेच मुरूम लागला की." माझ्याबद्दल ते काय म्हणाले हे मी सुनंदाला कितीदा विचारलं. वडिलांना ती दादा म्हणते. शेवटी तिनं सांगितलं, "दादा म्हणाले, पाहुणा काही लई खोल न्हाई, पण ओल धरून ऱ्हाईल." मी नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. माझ्याबद्दल इतकं बरं तिथं आजवर कुणी बोललेलं नाही.

मामांचं खरं युद्ध मात्र दिगंबररावांशी. दिगंबररावांचं शेत माळाच्या पायथ्याला आहे. मामांच्या बांधावरून पाणी सुटलं की जाताना माती घेऊन जातं आणि दिगंबररावांच्या रानात ठेवतं. त्यात कुणाचा दोष नाही, पण मामांना हे कधीच पटलं नाही. उन्हाळा लागला की ते टोपलं आणि खोरं घेऊन खाली उतरतात आणि दिगंबररावांच्या बांधावर उभे राहतात.

"मपली माती आली हाय तुझ्याकडं."

"मी बोलावली का? पावसानं आणून टाकली."

"पाव्हणी म्हणून आली असंल. आता धाडून दे."

"तुही कोणती आन् मही कोणती, वळखून दाखव आधी."

मामा खाली बसतात, मूठभर माती उचलतात, नाकाशी नेतात आणि म्हणतात, "ही मपली. हिच्यात खडा हाय." मग दिगंबरराव त्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार करतात, मामा चौथी पिढी काढतात. तोवर ऊन चढतं, झाडाखाली चहा होतो आणि मामा टोपलंभर माती डोक्यावर घेऊन माळ चढतात. एक टोपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक, पुन्हा तेच भांडण. मी एकदा म्हणालो, "मामा, ट्रॅक्टर सांगू का? एका दिवसात सगळी वर येईल." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आपल्यालाही आता मुरूम लागला.

सुनंदाची आई आमच्या लग्नाच्या बरीच आधी गेली. लेक आमच्याकडं आल्यावर मामा माळावर एकटेच. दिगंबररावही एकटेच, मुलं पुण्याला. आम्ही मामांना नांदेडला बोलावून थकलो. एकदा आले तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या घरात उभे राहून त्यांनी फरशीवर पाय आपटला आणि म्हणाले, "इथं तर डायरेक कातळच हाय की." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत.

गेल्या पावसाळ्यात मात्र माळावर असा पाऊस कोसळला की ओढे कुठून वाहतायत तेच कळेना. मामांचा फोन लागेना. पाणी उतरल्यावर मी आणि सुनंदा निघालो. वर चढून पाहिलं, तर बांध जागोजाग फुटलेले आणि निम्म्याहून जास्त शेताच्या जागी धुऊन काढलेल्या परातीसारखा स्वच्छ, काळा दगड. घराला कुलूप. सुनंदानं माझा हात असा धरला की बोटं दुखली.

मामा खाली दिगंबररावांच्या ओसरीवर सापडले. भिंतीला टेकून, अंगावर कांबळं. आम्हाला पाहून म्हणाले, "आलाव का? बसा." समोर दिगंबररावांचं सोयाबीन मामांच्या मातीखाली गाडलं गेलं होतं, नुसते शेंडे दिसत होते.

दिगंबरराव मला बाजूला घेऊन गेले. "मीच खाली आणलं त्यांना. आल्यापासून एक शब्द भांडले न्हाईत, पाहुणं. मी म्हणलं, आता तुही माती देणार न्हाई, काय करायचं ते कर. तर म्हणले, ठेव. मला भ्या वाटायलंय."

सुनंदानं स्वयंपाक केला. मामा दोन घास खाऊन उठले. रात्री तिनं पुन्हा नांदेडचा विषय काढला, आणि या वेळी मामा नाही म्हणाले नाहीत. नुसती मान डोलावली. त्यांचं ते 'हो' पाहून आम्हा दोघांनाही बरं वाटलं नाही.

सकाळी मामांचे कपडे आणायला आम्ही तिघं वर निघालो. अर्ध्या चढावर पुढं कुणीतरी दिसलं. दिगंबरराव होते. डोक्यावर मातीनं भरलेलं टोपलं, एक हात गुडघ्यावर, दर चार पावलांना थांबतायत. टोपल्यातून माती सांडत होती. मामा पाहत राहिले. मग एकाएकी त्यांचा आवाज फुटला.

"आरं, सांडाय लागली की सगळी. टोपलं भरायची अक्कल न्हाई तुला."

"सांडू दे. तुही हाय, मही न्हाई."

"खाली ठेव. ठेव म्हणतो न्हं खाली."

"न्हाई ठेवत. काय करशील?"

टोपलं दोघांनी दोन बाजूंनी धरून वर नेलं, भांडत भांडत. उघड्या दगडावर त्यांनी ती माती ओतली तेव्हा ती कुणी पानावर वाढलेल्या भातापेक्षा जास्त दिसली नाही. दिगंबरराव धापा टाकत दुसरं टोपलं आणायला उतरले. मामा दगडावर बसले. सुनंदा त्यांच्या शेजारी.

"दादा," ती म्हणाली, "इतकी वर्षं टोपलं टोपलं आणताव. कधी भरून निघालं का शेत?"

"न्हाई निघालं." मामांनी गवताची काडी मोडली. "तुही माय गेली त्या साली मी पहिल्यांदा खाली गेलतो माती आणाया. त्याच्या आधी मला कवा तिची गरज पडली न्हाई."

"मातीची?"

वारा गवतावरून गेला.

"तू साळंला गेली की वर दिवसदिवस कोणी बोलाया नसायचं, बाई. रिकाम्या हातानं खाली त्याच्यापाशी जाऊन बसायची लाज वाटायची मला."

सुनंदानं त्यांच्या कांबळ्याचं टोक नीट केलं आणि बसून राहिली. कपड्यांची पिशवी मी आणली होती, ती रिकामीच घडी करून खिशात ठेवली.

खालून दिगंबररावांनी शिवी घालून हाक मारली. मामा उठले, गुडघे चोळले आणि "आलो, आलो" म्हणत माळ उतरू लागले.