बन्सी पंक्चरवाल्याच्या ट्रंकेचं सुतक

आमच्या पेठेतली कुलपं घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस सुतक पाळतात, आणि तेवढे दिवस कुठल्याही किल्लीला उघडत नाहीत. माझ्या सासूच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. माझे मालक गेले तेव्हा आमच्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप सतरा दिवस बसलं. वरचे चार दिवस त्यानं आपल्या मनानं धरले. मी धरू दिले. त्याचा आणि मालकांचा तीस वर्षांचा संबंध होता.

कुणी म्हणेल, कापून टाकावं. एकदा सोनारगल्लीतल्या एकानं कापलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पेठेतलं एकही कुलूप लागेना. आठ दिवस घरटी एक माणूस उंबऱ्यात बसून जेवलं. तेव्हा नगरपालिकेनं नियम केला. फारच नड असली तर अर्ज द्यायचा आणि आम्हा घिसाड्यांकडून आकडी करून घ्यायची. आकडी म्हणजे किल्लीच्या भोकात जाईल अशी बारीक सळई, टोकाला जरा वाकवलेली. ती मात्र गेलेल्या माणसाच्या मोडीतल्या लोखंडाचीच लागते. ओळखीचं लोखंड आत आलं की कुलूप थोडा वेळ सुतक बाजूला ठेवतं. तीनदा ओळख पटली नाही, तर ते वर्षभराचं सुतक धरतं. मग त्याला कुणी काही करू शकत नाही.

आमच्यात घण बाईनं चालवायचा आणि सांडशी पुरुषानं धरायची. मालक गेल्यापासून दोन्ही मीच करते.

बन्सी पंक्चरवाला शुक्रवारी गेला. छातीत कळ आली आणि दुकानातच, कुणाच्या तरी सायकलीचं चाक हातात धरून बसल्याजागी गेला. घरात बायको शेवंता आणि एकुलती लेक उज्वला. पोरगी बारावी झालेली. जिल्ह्याच्या दवाखान्यातून तिला पत्र आलं होतं, की नर्सिंगला नंबर लागलाय, पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत अस्सल कागद घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. कागद सगळे बापाच्या ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप. किल्ली पोरीच्या हातात होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

गुरुवारी सातव्या दिवशी शेवंता माझ्याकडे आली. सायकलीचा एक गंजका आरा पदरात गुंडाळून आणला होता. म्हणाली, आजी, यांच्या दुकानातला आहे, चालेल ना? मी म्हटलं, चालायला पाहिजे. आरा म्हणजे चांगल्या तारेचा, आकडीला याच्यापेक्षा बरं लोखंड नाही. भट्टीत लाल केला, टोक ठोकून चपटं केलं, जरासं वाकवलं, पाण्यात सोडलं. नगरपालिकेचे सुतक-कारकून अंभोरे पंच म्हणून आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, ट्रंकेपुढं बसून अर्ज कुलपाला वाचून दाखवला, आणि मला खूण केली.

आकडी आत गेली आणि मेणासारखी वाकून बाहेर आली.

अंभोऱ्यांनी लिहिलं, ओळख पटली नाही, वेळ पहिली.

मग माझ्या लक्षात आलं. तो आरा कुणाच्या सायकलीचा? पंक्चरवाल्याच्या दुकानात पडलेलं सगळं दुसऱ्याचं असतं. ही चूक माझी. शेवंता दुःखात होती, मी नव्हते.

शुक्रवारी बन्सीची पक्कड घेतली. एक पाय तुटलेली, मुठीला त्याच्या घामानं काळी झालेली. तिची आकडी केली. कुलपानं ती अर्धी घेतली आणि मग हळूहळू बाहेर ढकलली, नको असलेला घास लेकरू जिभेनं ढकलतं तशी. चौकशी केली तर कळलं, पक्कड बन्सीच्या उस्तादाची. बन्सीला ती नुसती वापरायला दिलेली होती.

वेळ दुसरी.

बन्सीचा थोरला भाऊ दामू भिंतीला टेकून बसला होता. सुपारी कातरत म्हणाला, "आता समजलं का? कुलपालाच पोरीनं जायला नको आहे. बन्सी चार माणसांत काय म्हणायचा, सगळ्या पेठेला माहीत आहे. लोकांचं रक्तपू पुसायला माझी पोर जाणार नाही म्हणायचा. कुलूप त्याचंच ऐकतंय."

त्याचं खोटं नव्हतं. बन्सी असं बोलायचा, मीच कितीदा ऐकलंय. शेवंतानं मान खाली घातली. उज्वला तर उठून परसात गेली. अंभोरे म्हणाले, गेलेल्याची इच्छा कुलूप पाळत असेल तर तसा शेरा मला मारावा लागेल, मग तिसऱ्या वेळेचा प्रश्न येत नाही. मी म्हटलं, साहेब, शेरा उद्या मारा. लोखंड चुकलं असेल तर कुलपावर इच्छेचा आळ कशाला?

शनिवार उजाडला. शनिवारी आणखी एक अडचण असते. त्या दिवशी बाहेरचं लोखंड घरात आणायचं नाही, आणि आणलं तर कुलपांना आधी कळतं, मग ती कुठलीच आकडी घेत नाहीत. म्हणजे माझा हातोडा, ऐरण, सांडशी, सगळं दाराबाहेर. आकडी करायची तर घरातल्याच लोखंडाची आणि घरातल्याच सामानावर. एसटी दोनला सुटणार होती.

मी रिकाम्या हातानं गेले. ट्रंकेजवळ बसले आणि शेवंताला विचारलं, बाई, बन्सीचं स्वतःचं असं काय होतं? तिनं घरभर नजर फिरवली. म्हणाली, "काही नव्हतं, आजी. घड्याळसुद्धा भावाचं."

दामू म्हणाला, झालं तर मग.

मी उज्वलेकडं बघितलं. ती कुलपाकडं बघत होती, किल्ली मुठीत आवळून. मी विचारलं, "काय गं पोरी? ओठावर काहीतरी आलंय तुझ्या."

ती आईकडं बघून म्हणाली, "रागावू नकोस. तू डाळमिलला गेलीस की बाबा एक ते तीन दुकान बंद करून घरी यायचे."

"जेवायला यायचे," शेवंता म्हणाली.

"जेवण दहा मिनिटांत व्हायचं. मग पट्टी बांधून घ्यायचे. पुस्तकात चित्रं आहेत, डोक्याची पट्टी, खांद्याची, घोट्याची. मला सराव पाहिजे होता. जुन्या धोतराच्या पट्ट्या त्यांनीच फाडून दिल्या. कुणाला सांगू नको म्हणाले. दामूकाकांना कळलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाले."

 शेवंताचा अडकित्ता दामूच्या हातात थांबला.

मी विचारलं, "बसायचे कुठं?"

"ट्रंकेवर," उज्वला म्हणाली. "पाय खाली सोडून."

म्हणजे कुलूप त्याच्या पायाशीच होतं. रोज दोन तास, सगळं बघत.

पट्टीला शेवटी काय लावायचीस, असं विचारल्यावर तिनं फळीवरचा डबा काढला. आत धुतलेल्या पट्ट्या नीट गुंडाळून ठेवलेल्या, आणि त्यांत एक सेफ्टी पिन. टोपण निघालेलं, वळणाशी मोडायला आलेली.

अंभोऱ्यांनी पिन हातात न घेताच बघितली. म्हणाले, "ही नावावर कुणाच्या धरायची? विकत तिनं आणली असणार."

"आणली मी, पण असायची त्यांच्या अंगावर," उज्वला म्हणाली. "एकदा खांद्यात टोचली तर रक्त आलं. बाबा म्हणाले, टोचू दे, पुढच्याला टोचणार नाहीस."

अंभोरे नियमाचं पुस्तक पुढून मागं, मागून पुढं बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, मालकी दोघांची. वेळ तिसरी.

चूल पेटलेलीच होती. शेवंताच्या भाकरी उलटायच्या उलथन्यावर पिन धरून निखाऱ्यात लाल केली, म्हणजे तिचा ताठा जातो. खलबत्त्यातला बत्ता हातात घेतला. बारा शेरांचा घण चालवलेला माझा हात त्या दिवशी सुईएवढ्या तारेला बत्त्यानं समजावत बसला. जोर एक गुंजभर जास्त झाला असता तरी ती मोडली असती आणि पोरीचं वर्ष गेलं असतं. वर्ष कसलं, पुन्हा कुणी विचारलं नसतं. तार सरळ केली, टोकाला तांदळाएवढं वळण दिलं, पुन्हा तापवली आणि तांब्यातल्या पाण्यात सोडली.

नियमानं आकडी घिसाड्यानं घालायची. मी ती उज्वलेच्या हातात दिली. अंभोरे खिडकीबाहेर बघत होते.

तिनं आकडी आत घातली. फिरवली नाही, नुसती धरून बसली. कुलूप थोडा वेळ तसंच होतं. मग त्याच्या आत काहीतरी खाली बसल्यासारखा आवाज झाला, माणूस ओझं उतरवून बसतं तसा, आणि कडी सुटली.

दामूनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

कागद वरच होते, धोतराच्या एका पट्टीत बांधलेले, आणि गाठ मारली होती तीसुद्धा चित्रातल्यासारखी, चपटी. उज्वलानं ते घेतले, आईच्या पाया पडली, माझ्या पडली, कुलपाला हात लावून हात कपाळाला लावला. दामू म्हणाला, चल, सायकलवर सोडतो स्टँडवर. दोनची एसटी तिला मिळाली.

तिकडं ती गेली आणि इकडं कुलूप आपलं आपण लागलं. राहिलेले चार दिवस त्यानं नीट पाळले. आकडी त्यानं परत दिली नाही. अंभोऱ्यांनी नोंद केली, की सुतक मोडलेलं नाही, सवलत घेतली होती. बुधवारी तेराव्याला दामूनं कुलपात गोड्या तेलाचे दोन थेंब सोडले, मग किल्ली लावली. कुलूप उघडलं आणि पिन खाली पडली, घासल्यासारखी चकचकीत.

उज्वला आता जिल्ह्याला असते, दवाखान्याच्या वसतिगृहात. ट्रंक तिच्याकडंच आहे. कुलपाचा जागा बदलण्याचा अर्ज अंभोऱ्यांनी मंजूर केला. कुलपाची मात्र स्वतःची एक अट आहे. ते कुलूप दुपारी एक ते तीन उघडं राहतं. किल्ली लावून बघितली, दोरीनं बांधून बघितलं, लागत नाही. तिथल्या मोठ्या सिस्टरनं उज्वलेची ड्यूटी त्याप्रमाणं लावून दिलीय. त्या दोन तासांत ती खोलीवर येते, जेवते, ट्रंकेवर बसून पट्ट्या गुंडाळते. तीन वाजले की कुलूप लागतं, मग ती वॉर्डात जाते.