साडूच्या कॅरव्हॅनचं माप

"भाऊजींनी पत्रा असा घासलाय, त्यात बघून वेणी घालता येईल," बायको म्हणाली आणि मास्तरांच्या घशात चहा अडकला.

भाऊजी म्हणजे मास्तरांचे साडू, दातांचे डॉक्टर. मोटारीमागे ओढायची, पन्नास वर्षांपूर्वीची कॅरव्हॅन त्यांनी भंगारातून आणून दुरुस्तीला घेतली, तेव्हा मास्तर पोट धरून हसले होते. महिन्याभरात त्यांनी स्वतःच तसलीच एक मोडकी कॅरव्हॅन आणून अंगणात उभी केली. हौसबिस काही नव्हती, निव्वळ पोटदुखी होती. दीड वर्षात मास्तरांनी रंध्यानं अंगठा सोलून घेतला, दोनदा त्यांची कंबर धरली, पण बायकोच्या तोंडून एकदाही 'वा' निघालं नाही. त्या एका 'वा'साठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मग त्यांनी नक्कल सुरू केली. डॉक्टरांकडे निळे पडदे, की यांच्याकडे निळे पडदे. डॉक्टरांनी दाराला पितळी कडी लावली, आठ दिवसांत तीच कडी मास्तरांच्या दारावर. वर्गात कॉपी करणाऱ्यांचे कान उपटणारा हा माणूस! पण मत्सराला लाज कुठली? आता घोडं अडलं होतं डॉक्टरांच्या घडीच्या पलंगापाशी. माप घेतल्याशिवाय तो जमणार नव्हता.

रविवारी मास्तर सपत्नीक साडूंकडे गेले. डॉक्टर "बिस्किटं घेऊन आलोच" म्हणत सायकलवरून गेले, दोघी बहिणी घराच्या पायरीवर गप्पांत रंगल्या, आणि मास्तर टेप घेऊन अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये शिरले. दार ओढून घेतलं. खट्!

कडी बाहेरून पडली होती. आतून ती उघडायची सोयच नव्हती, आणि रंगाच्या वासामुळे स्वतःचं दार कायम उघडं ठेवणाऱ्या मास्तरांना हे आजच कळत होतं. हाक मारावी तर अब्रूचं खोबरं. तेवढ्यात खिडकीबाहेरून मेव्हणीचा आवाज आला.

"मी यांना रोज ऐकवते, मास्तरांचा हात बघा किती सफाईदार! नुसता जळफळाट होतो यांचा."

मास्तरांनी खिडकीला कान लावला. आता बायको काय म्हणते?

"आणि मी आमच्या ह्यांना तुमच्या पत्र्याचं ऐकवते. खरं सांगू ताई? मला दोन्ही भंगारच दिसतात."

"मलाही. पण घरातली लुडबुड तरी थांबली!"

दोघी खळखळून हसल्या. मास्तर मटकन पलंगावर बसले, आणि पलंग त्यांच्यासकट धाडकन मिटला.

ओरडा ऐकून दोघींनी धावत येऊन कडी काढली आणि त्यांना ओढून काढलं. हातातला टेप बघून बायको म्हणाली, "शोभतं का हे मास्तराला?" मास्तर टेप खिशात कोंबू लागले.

इतक्यात मेव्हणीचा फोन वाजला. डॉक्टर कुजबुजत होते, "जरा मास्तरांना दे ना."

मास्तरांनी फोन घेतला.

"मास्तर, तुमच्या कॅरव्हॅनची कडी आतून कशी उघडते हो?"

डॉक्टर आपल्या अंगणात! बिस्किटांचं निमित्त करून! दीड वर्षाची जळजळ एकदम थंड झाली.

"तुम्ही आत काय करताय, साडूभाऊ?"

"ते... तुमच्या कपाटाचं सरकतं दार. मला चार महिने जमत नाहीये. तुम्ही काय सुरेख बसवलंय हो!"

मास्तरांनी फोनचा स्पीकर सुरू केला आणि फोन बायकोच्या कानाशी नेला.

"जरा मोठ्यानं बोला साडूभाऊ, नीट ऐकू आलं नाही."