राजे सुभानराव यांनी भाच्याचे उष्टावण हुकविले, त्याची हकिकत

श्रीगजाननास वंदन, कुलस्वामिनीस दंडवत, आणि श्रोतेहो, आपणांस मुजरा. कानीं आलें तेवढें लिहिलें आहे. कोठें मीठ अधिक पडलें असेल तर खपवून घ्यावें. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं राजे सुभानराव राज्य करीत होते. मनाचे मोठे, रयतेचे लाडके, परंतु मोबाईलाचा नाद ऐसा जडला कीं डोळा उघडतांच देवाआधीं त्याचें दर्शन घ्यावें, आणि आपल्या छबीस किती जणांनी वाहवा केली तें पाहोन मग चूळ भरावी. फिर्यादी सदरेवर ताटकळत, आणि महाराज अंगठ्याने काच सारीत बसत.

त्यांत धाकट्या भगिनी सगुणाबाईसाहेब पुत्राच्या उष्टावणाकरितां माहेरीं आल्या. पहिला घास मामाने भरवावा ऐसी चाल. महाराजांचा आनंद गगनांत मावेना. मग चौरंग मांडिला, खीर आली, आणि महाराजांनी उजव्या हातीं खिरींत बुडविलेली सोन्याची अंगठी धरिली, आणि डाव्या हातीं मोबाईल धरोन सोहळा थेट जगास दाखवूं लागले. मग जग म्हणालें उजेड कमी, म्हणोन चौरंग हलविला. मग जग म्हणालें पगडी दिसत नाहीं, म्हणोन हात उंच केला. आणि खिरीवर साय धरली, आणि बाळराजांनी टाहो फोडिला. बाईसाहेब म्हणाल्या, "दादासाहेब, लेकरूं भुकेलें आहे." महाराज म्हणाले, "थांब गं सगुणे, झालेंच." मग बाईसाहेबांनी वाटी ओढून घेतली आणि आपल्याच बोटाने बाळास खीर चाटविली. "पहिला घास झाला, दादा. तो दुसऱ्यांदा होत नाहीं," इतकें बोलोन डोळे पुशीत आंत गेल्या. महाराजांनी मागाहून चित्रण पाहिलें, तों आरंभापासोन अखेरपर्यंत आपलीच पगडी. बाळाचें तोंड कोठेंच नाहीं. महाराजांस मेल्याहून मेल्यासारखें जाहलें.

मग मोबाईल कारभारी लिंगोपंतांचे हवालीं करोन "आम्ही मागितला तरी देऊं नका" ऐसी आज्ञा केली, आणि दुसरे दिवशींच मागावयास गेले. म्हणाले, "पंत, थंडी किती पडली तें पाहाणें आहे." पंत म्हणाले, "महाराज, शाल काढावी, कळेल." महाराज चिडले, रिकामा अंगठा मांडीवर फिरवीत राहिले, परंतु हळूहळू फिर्यादी ऐकूं लागले, झोंप गाढ लागूं लागली, आणि एके दिवशीं रित्या हातीं बहिणीच्या सासरीं गेले. तेथें जमिनीवर बसोन भाच्यास मऊ भात भरविला. त्याने अर्धा गिळिला, अर्धा मामांच्या दाढीवर उडविला आणि बोळकें पसरोन हंसला. बाईसाहेबांस मग राग कैसा धरवेल? म्हणाल्या, "दादा, फोटो काढूं का?" महाराज म्हणाले, "नको गं. मी पाहतों आहें ना." परतल्यावर दरबाराने छबी मागितली, ती नव्हतीच, तेव्हां महाराजांनी भर सदरेवर गाल फुगविले, ओठ दांतांवर मुडपिले, आणि भाचा कैसा हंसला तें स्वतः करोन दाखविलें.

सारांश, पहिला घास गेला तो गेलाच, परंतु भाच्यास मामा मिळाला. हकिकत इतकीच.