मगदूम अण्णांचं महाराष्ट्र दर्शन

विश्रामबागेतून आष्टा किती लांब, हे कुणालाही विचारा, अंदाज मिळेल. मगदूम अण्णांना विचारलंत तर ते आधी विचारतात, "कुठनं? चौकातनं का माझ्या दारातनं?" आणि मग दशांश चिन्हासकट आकडा सांगतात. त्यांच्या स्कूटरचा ब्रेक नीट लागत नाही, पण किलोमीटरचा मीटर दर सहा महिन्यांनी तपासून घेतलेला असतो.

अण्णा माझे शेजारी. एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेत आयुष्य काढून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नातवंडं सांभाळतात. अण्णा आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीची प्रवासभत्त्याची बिलं तपासतात. या गृहस्थाला सगळे भाऊ म्हणतात. माहितीच्या अधिकारात अण्णा त्याची बिलं मागवतात आणि बिलातल्या प्रत्येक रस्त्यावरून स्वतःच्या पेट्रोलवर जाऊन येतात.

"भाऊच्या गाडीला आष्टा लांब पडतंय आणि माझ्या स्कूटरला जवळ," ते म्हणतात. "डांबर बी माणूस बघून ताणतंय काय, सर?"

मी सर, कारण मी कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्याचा करदात्याला काही उपयोग झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अण्णा जैन, सूर्यास्ताआधी जेवणारे. त्यामुळे तपासणीची हद्द ठरलेली आहे: दुपारी निघून जेवणापर्यंत परत येता येईल एवढी. त्यापलीकडचा भ्रष्टाचार त्यांनी देवावर सोडला होता. चौकातून एखाद्या मंत्र्याचा ताफा गेला की ते खाली उतरून बघतात. "माझ्या टॅक्सचा हिशेब घातला तर तिसऱ्या गाडीचा वायपर माझा हाय," असं एकदा त्यांनी बंदोबस्ताच्या पोलिसाला सांगितलं. पोलिसानं नाव लिहून घेतलं.

गेल्या वर्षी मात्र अण्णांनी हद्द ओलांडली. भाऊ 'दुष्काळी भागातील पाणी नियोजन' या विषयाचा अभ्यास करायला पाचगणीला जाऊन आले. पाचगणीत पावसाळ्यात छत्रीसुद्धा वाळत नाही. अण्णा डबा घेऊन एसटीनं गेले, परतीच्या गाडीतच उजेडी जेवले आणि बातमी आणली की बिलात 'स्थानिक वाहतूक' म्हणून जे लावलं होतं, ते घोडे होते. घोडेवाल्यानं फोटोवरून भाऊच्या मेव्हण्यालाही ओळखलं.

तक्रारअर्ज तयार झाला. सह्या घ्यायला अण्णा चौकातल्या चहाच्या गाड्यावर आले. तिथे आम्ही निवृत्त मंडळी रोज सकाळी देश चालवतो.

"आवं अण्णा, खाऊ द्या की," फौजेतून निवृत्त झालेले जाधव सुभेदार म्हणाले. "लग्नाला येतोय, मयताला येतोय."

"त्या येण्याचं बी बिल लावतोय त्यो!"

सगळे हसले. पेन मात्र कुणी घेतलं नाही. शेवटी पवार गुरुजी हळूच म्हणाले, "अण्णा, खरं सांगू? नोकरीत असताना मी बी महाराष्ट्र दर्शनाला गेलतो. वेरूळला. कागदावर."

सरकार नोकरदाराला कुटुंबासह राज्यात फिरायला भाडं देई, ती ही सवलत. पुष्कळजण घरीच बसत आणि कुठल्या तरी ट्रॅव्हलवाल्याची तिकिटं आणून बिलाला जोडत. गाड्यावरचा प्रत्येकजण आपापल्या कपात बघू लागला. माझ्या कपातही बघण्यासारखं बरंच होतं.

"सही केली तर भाऊ पयलं माझंच बिल उकरंल," गुरुजी म्हणाले. "तुमचं बरं हाय. तुमी खरंच ताडोबाला गेलता. काकूंनी वाघ बघितला."

तो वाघ आमच्या गल्लीला पाठ होता. अण्णांच्या सुशीलाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली, पण गल्लीतली पोरं त्यांच्या वाघावरच वाढली. वाघानं रस्ता ओलांडला, मध्येच थांबला, काकूंकडे बघून जांभई दिली आणि गेला. "आणि हे गाडीत घोरत होते," असा शेवट काकू न चुकता करायच्या.

अण्णांनी कागदाची घडी घातली आणि चहा अर्धा टाकून घरी गेले.

तीन दिवस स्कूटर जागची हलली नाही. चौथ्या दिवशी मी गेलो. अण्णा म्हणाले, "ताडोबाला आमी गेलोच न्हाई, सर."

मे महिना होता. दाराला बाहेरून कुलूप. अण्णांचा मेव्हणा मागच्या दारानं भाजी द्यायचा. खिडक्या बंद. कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी शेजारी, म्हणजे माझ्याकडे, ऐकू येईल. आठ दिवस दोघं कुजबुजत बोलत होते.

"लग्नानंतर येवढं कवा बोललोच न्हवतो," अण्णा म्हणाले. "वाघ तिनंच तयार केला. पयल्या दिवशी नुसतं पंजाचं ठसं होतं. आठव्या दिवशी जांभई आली. मला म्हणाली, तुमाला खोटं बोलता येत न्हाई, तुमी झोपलेलं ऱ्हावा."

भाऊवर तक्रार करायची तर आधी स्वतःचं बिल कबूल करणं आलं. आणि ते कबूल केलं की काकूंचा वाघ गेला. अण्णांची अडचण लेखाशास्त्रात बसणारी नव्हती.

पुढच्या सोमवारी ते दोन अर्ज घेऊन माझ्याकडे आले. पहिला भाऊचा, घोड्यांसह. खाली एकट्या अण्णांची सही. तिच्याखाली मी माझी केली. दुसरा अर्ज त्यांच्या जुन्या खात्याला होता: 'ताडोबा येथे मी प्रवास केला नसताना एका तिकिटाचे भाडे उचलले. ते व्याजासह भरून घ्यावे.'

"अण्णा," मी म्हणालो, "बिल दोघांचं होतं ना?"

अर्ध्या किलोमीटरसाठी आष्ट्याला तीन खेपा घालणाऱ्या त्या माणसानं चष्मा काढला, सावकाश पुसला आणि परत घातला.

"माझं तिकीट खोटं हुतं, सर. तिनं वाघ बघितलाय. गल्लीत कुणालाबी इचारा."