साताऱ्याचे लेथावर सांगलीच्या टिपेची मोहीम

श्रीगजानन आणि लेथावर तसबिरीत विराजमान श्रीविश्वकर्मा यांचे चरणी माथा ठेवून, पदरचे काही न घालिता, वर्तमान लिहिले ते ऐसे.

सांगलीचे विद्यापीठातील प्राध्यापक साईराज, कीर्तनाचे परम शौकीन, यांणी पोलाद कापावयाची नवी टिप सिद्ध केली, आणि सातारियाचे कारखानदार नानासो यांसी एकत्र संशोधनाची मसलत मांडिली. नानासोंचा हुकूम आला की, टिप आमचे लेथावर न थरथरता चालली तर करार, नाही तर रामराम. शिष्या शिवांजली यांची पीएचडीही त्याच टिपेवर टांगलेली. मग टिप अत्तराचे डबीत कापसावर निजवून स्वारी निघाली, आणि कराडास चहाचा मुक्काम करून एमआयडीसीत दाखल जाहली.

नानासोंनी लेथास हार घातला, नारळ वाढविला आणि मशीन चालू केले. लेथास कंपने मोजणारे यंत्र जोडिले होते. त्याचे पडद्यावरील रेषा सारवल्या अंगणासारखी सपाट चालली, आणि ते पाहून प्राध्यापक धन्य जाहले. इतक्यात रेषा एकाएकी उसळो लागली.

"सर, टिप लय थरथरतीया तुमची," नानासो वदले. "करार काय जमायचा न्हाई."

प्राध्यापकांचे अवसान गळाले. दोन्ही हात डोईवर घेऊन त्यांणी पांडुरंगाचा धावा केला, तो रेषा सपाट! मग हर्षे अभंग गुणगुणत ते लेथास टेकले आणि रेषा पुन्हा उसळली. शिवांजलीबाईंनी पडदा न्याहाळिला, मग गुरुजींचा हात न्याहाळिला, आणि सारी अदब विसरल्या.

"आवं सर, टिप न्हाई, अंगठी! मघाधरनं लेथावर ठेका धरलाय तुमी!"

प्राध्यापकांनी आपले उजव्या हाताकडे फितूर सरदाराकडे पाहावे तैसे पाहिले. नानासोंनी तत्काळ फर्मान सोडिले की, सरांचे दोन्ही हाती चहाचे गरम पेले देऊन त्यांसी दाराशी उभे करावे. तैसे होताच टिपेने सारे पोलाद लोण्यासारखे उतरविले आणि रेषा जागची हालली नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. करारात कलम घातले की, चाचणीचे वेळी प्राध्यापकांनी भजन मुखाने करावे, लेथास हात लावू नये. मग त्याच फितूर हाताने त्यांणी सही केली. सही करिता अंगठी मेजावर दोन वेळ वाजली, ती नानासोंनी माफ केली.