कोरांटीचा चोर

"दसऱ्यापर्यंत या गच्चीवर मधमाश्यांची रांग लागेल! गणपतीला लागते तशी!" हेरंबरावांनी परळच्या त्यांच्या चाळीच्या सभेत छातीठोक सांगितलं.

गच्चीवर त्यांनी पिवळ्या कोरांटीच्या बारा कुंड्या मांडल्या होत्या. ही गावची कोरांटी एकदा लावली की वर्षानुवर्षं जगते, आणि पाऊस सरून बाकीची झाडं दमली की फुलते. म्हणजे उपाशी माश्यांचं अन्नछत्रच!

पण सेक्रेटरी बुधाजीला ती जागा मंडळाचं गणपतीचं मखर ठेवायला हवी होती. "अष्टमीक येतलंय. एक माशी दिसली तर कुंड्यो रवतल्यो. नायतर मखर!"

घटस्थापनेपासून आक्रीत सुरू झालं. संध्याकाळी टपोरलेल्या कळ्या सकाळी गायब! हेरंबरावांनी पाटी लावली: 'ही फुले माश्यांसाठी आहेत. देवांनी क्षमा करावी.' दुसऱ्या दिवशी पाटी होती, फुलं नव्हती!

त्यांनी शेजारच्या सुंदराबाईंची परडी तपासली. आत निघाली जास्वंद!

"माझी झडती घेता?" सुंदराबाई कडाडल्या आणि त्यांनी अबोलाच धरला.

मग संशय पोस्टमनवर गेला, तिथून कबुतरांवर. रोज अंघोळ करून हेरंबराव घरच्या घटासमोर डोळे घट्ट मिटून म्हणत, "आई, चोर सापडू दे!" बायको सुचित्रा त्यांच्या कानावर प्रसादाचं फूल खोचायची, की स्वारी तपासाला बाहेर!

अष्टमीला बुधाजी गच्चीवर आला. बारा कुंड्यांत नुसते काटे.

"माशी खंय?"

"येईल!"

"कित्याक? काटे टोचून घेवक?"

इतक्यात खालून सुचित्राची किंकाळी आली. "अहो, धावा! घटावर माश्या बसल्यात!"

दोघं धावले. घटावर आठ दिवसांच्या आठ पिवळ्या माळा, आणि ताज्या माळेवर मधमाश्यांची ही झुंबड!

"अगं, ही फुलं कुठली?"

"गच्चीवरची! पहाटेच काढते. मला वाटलं, नवरात्रासाठीच लावलीत."

"आणि पाटी?"

"वाचली की! म्हणून रोज देवीची क्षमा मागून घेत होते."

बुधाजीने माश्यांना लांबूनच हात जोडले. "कुंड्यो रवतल्यो!"

विजयी हेरंबराव कोरांटीचं एक रोप घेऊन सुंदराबाईंकडे माफी मागायला गेले. त्यांनी रोप घेतलं आणि इतक्या दिवसांचा अबोला सोडला.

"आता तुमची झडती!" म्हणत त्यांनी हेरंबरावांच्या कानावरचं फूल काढून समोर धरलं. पिवळं! कोरांटीचं!

"पहिल्या दिवसापासून बघतेय," सुंदराबाई म्हणाल्या. "म्हटलं, चोर स्वतःला कधी सापडतोय ते बघू!"