उजवं पायडल, डावी बाजू

शुक्रवारी संध्याकाळी चारुदत्त सबनीसनं नवीकोरी रेसिंग सायकल अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या आपल्या अपार्टमेंटमध्ये, कार्पेटवर, उलटी करून ठेवली. सीट खाली, हँडल खाली, चाकं वर. सायकलचं कुठलंही काम सायकल उलटी करूनच करायचं असतं, हे मिरजेतल्या सायकलवाल्याकडे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. खोक्यातून अकरा पानांची सूचनापुस्तिका निघाली. ती त्यानं हँडलखाली सरकवली, कार्पेटला डाग पडू नये म्हणून. मेकॅनिकलला डिस्टिंक्शन मिळवलेला माणूस दोन पायडलं बसवायला पुस्तक वाचेल होय!

सायकल त्याच्यासाठी नव्हती. त्याची एक होतीच. ही प्रतिमासाठी, आणि प्रतिमा उद्या दुपारी येणार होती.

दोन वर्षं! चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात लग्न झालं. त्यानंतर दोघांना सोळा दिवस मिळाले, त्यातले अकरा नातेवाइकांकडे जेवण्यात गेले. मग चारुदत्त इकडे, आणि ती ग्रीन कार्डाच्या रांगेत तिकडे. आपली बायको कशी दिसते हे आता फोटो पाहिल्याशिवाय आठवत नाही, याची त्याला मनापासून भीती वाटायची. उरली होती ती पत्रं. एका पत्रात तिनं सहज लिहिलं होतं, 'माझी सायकल धाकट्या बहिणीला देऊन टाकली. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.' झालं! त्या दिवसापासून चारुदत्तच्या डोळ्यांपुढे एकच चित्र: रविवारची सकाळ, दोन सायकली शेजारी शेजारी, थेट खाडीपर्यंत. हे त्यानं तिला इतक्या पत्रांतून कळवलं होतं की आता माघार शक्य नव्हती.

पायडलांवर 'आर' आणि 'एल' अशी अक्षरं होती. चारुदत्त सायकलच्या मागे उभा राहिला, उजव्या हाताला आलेल्या क्रँकच्या, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांड्याच्या, भोकात आर घातलं आणि फिरवू लागला. आता, सायकल उलटी केली की तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे पाचवीतल्या पोरालाही कळेल. डिस्टिंक्शनवाल्याला कळेलच असं नाही. त्यात सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे मुळातच उलटे असतात. पायडल अर्धा आटा गेलं आणि अडलं.

"नवीन आहे, टाइट असणारच," असं म्हणून त्यानं पान्याला लोखंडी पाइप लावला आणि त्यावर लोंबकळला. कर्रर्र आवाज झाला आणि पायडल दोन आटे आत गेलं.

आवाज ऐकून शेजारचे पुरुषोत्तमकाका आले. काका बासष्ट साली अमेरिकेत आलेले, जन्मभर विमानांचे भाग बनवून आता रिटायर झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"तिरकं गेलंय रे."

"थोडंसंच, काका."

"थोडंसं तिरकं विमान पाहिलंयस कधी? काढ ते. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. काका पाइपवर, चारुदत्त चाकाला मिठी मारून. पायडल निघालं, पण त्याच्याबरोबर क्रँकमधले आटेही कीस होऊन बाहेर आले.

"अॅल्युमिनियम! मऊ माल," काका म्हणाले. "आपल्याकडच्या सायकलला हे झालं नसतं."

"पण आता काय करायचं? उद्या तिची फ्लाइट लँड होतेय हो!"

काकांच्या मागोमाग आलेल्या त्यांच्या बायको, कांचनकाकू, दारातूनच म्हणाल्या, "अहो, कोपऱ्यावर सायकलचं दुकान आहे. आठपर्यंत उघडं असतं."

"दोन इंजिनियर घरात असताना?" काकांनी असं विचारलं आणि विषय संपला. "चारू, सुतळी आहे का तुझ्याकडे? सफेदा मी आणतो. दादरहून आणलाय, इथल्या टेपवर माझा विश्वास नाही."

आपल्याकडे नळ गळायला लागला की प्लंबर आट्यांवर सुतळी गुंडाळतो, वरून सफेदा फासतो आणि पिळतो. काकांचा तोच बेत होता. आणि सुतळी चारुदत्तकडे होती! प्रतिमानं दीड वर्षापूर्वी पाठवलेल्या लाडवांच्या पार्सलची. लाडू चार दिवसांत संपले, पण तिनं स्वतःच्या हातानं बांधलेली सुतळी टाकवेना, म्हणून ती कपाटात मोज्यांशेजारी पडून होती. ती बाहेर काढून तो तिची गाठ जपून सोडू लागला. पण काका "आण लवकर!" म्हणून ओरडत होते.

आर किसानं माखलं होतं, म्हणून त्या भोकात सुतळी गुंडाळून एल बसवलं; पुसलेलं आर दुसऱ्या बाजूला विनातक्रार गेलं. छान, घट्ट बसलं. चारुदत्तनं पार्किंग लॉटमध्ये एक फेरी मारली, काकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या भरात तो रस्त्यावर गेला. सिग्नल हिरवा झाला, त्यानं डाव्या पायावर जोर दिला, आणि पायडल, सुतळी, सफेदा, बूट असं सगळं एकदमच खाली आलं. मागच्या गाड्यांनी जे हॉर्न वाजवले त्यांचा अर्थ कुठल्याही भाषेत एकच होतो.

आठला पाच मिनिटं कमी असताना तो एका पायात बूट घालून दुकानात उभा होता. दुकानदार गोरा, म्हातारा, सावकाश बोलणारा. त्यानं भोकात बोट घातलं, पांढरं बोट बाहेर काढलं, वास घेतला.

"नळाला लावतात ते आहे," चारुदत्तनं खाली मान घालून सांगितलं.

"वीस वर्षं दुकान चालवतोय," म्हातारा म्हणाला. "सायकलचं प्लंबिंग केलेलं आजच पाहतोय." मग त्यानं लहान मुलाला समजवावं तसं आर आणि एल समजावून सांगितलं. "डावा क्रँक बदलायला लागेल. मंगळवारी येईल. पाच मिनिटांचं काम."

"मला रविवारी सकाळी पाहिजे हो! माझी बायको दोन वर्षांनी येतेय."

म्हाताऱ्याला खरंच वाईट वाटलं. पण क्रँक मंगळवारीच येणार होता. त्यानं पावती लिहून दिली.

शनिवारी प्रतिमा आली. फोटोपेक्षा बारीक झाली होती. तिला पाहताच चारुदत्तला इतकं भरून आलं की विमानतळावरून घरी येईपर्यंत त्याच्या तोंडून "प्रवास बरा झाला?" एवढंच निघालं, आणि तिच्या तोंडून "हो." पत्रातून पानंच्या पानं लिहिणारी दोघं गाडीत परक्यासारखी बसली होती. ती तर अगदी दाराला चिकटून.

रविवारी सकाळी तिनं सायकलवरची चादर काढली.

"ही माझी?"

मग त्यानं सगळं सांगितलं. उलटी सायकल, पाइप, काका, सफेदा. ती तोंडावर हात धरून हसू दाबत होती.

"आणि सुतळी कुठून मिळाली तुम्हाला इथं?"

"तुझ्या लाडवांच्या पार्सलची. ठेवली होती मी."

तिचं हसू थांबलं. तिनं उगीचच चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तुमची सायकल धड आहे ना?"

"आहे. पण एकच."

"मग डबलसीट घ्या की!"

"अगं, इथं कुणी डबलसीट घेत नाही!"

"मग काय दोन वर्षं थांबून चादरीच बघायच्या मी?"

चारुदत्तनं सीट आणि हँडलमधल्या नळीवर टॉवेल गुंडाळला. प्रतिमा पुढे आडवी बसली, ओढणी कमरेला खोचून. सायकल झोकांड्या खात निघाली. तिच्या केसांतल्या तेलाचा वास थेट त्याच्या नाकाशी होता. रस्ता दिसत नव्हता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. पुढच्या वळणावर हिरवळीला पाणी घालणारी एक आजीबाई घाबरून फाटकाशी धावली.

"तिला लागलंय का? अँब्युलन्स बोलवू?"

"नाही, नाही! ही माझी बायको आहे!" चारुदत्त जोरात ओरडला. दोन वर्षांत हे वाक्य त्याला कुणाला सांगायलाच मिळालं नव्हतं. प्रतिमा इतकी हसली की तिचं डोकं त्याच्या हनुवटीवर आपटलं.

खाडीवर पोचेपर्यंत त्याचा दम निघाला होता. वारा खारट होता. दोघं बांधावर बसली, आणि कालची एका शब्दाची प्रतिमा एकदम भडाभडा बोलू लागली. व्हिसाच्या ऑफिसातले हेलपाटे, शेजारणींचे टोमणे, पोस्टमनची वाट पाहणं, सगळं. मध्येच थांबून तिनं विचारलं, "माझ्या सायकलचा तो भाग कधी येणार?"

चारुदत्त जन्मात कधी बायकोशी खोटं बोलला नव्हता. तशी संधीच मिळाली नव्हती. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "वेळ लागेल गं. जपानहून यायचाय. बोटीनं. चार महिने तरी."

त्याचे कान लाल झाले. प्रतिमानं त्या कानांकडे पाहिलं. फ्रिजवर लावलेली दुकानाची पावती तिनं सकाळी चहा करतानाच वाचली होती. मंगळवार, दुपारी तीन.

"चारच?" ती म्हणाली. "सहा लागले तरी चालतील मला."